कोकमच्या अंगावरचं मीठ

शशीकाका गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. "शशी गेला गो... पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. बाबांना वाटलं असेल, हिला काही झालंच नाही. माझे शब्द वेळेवर येत नाहीत, हे शशीकाकांना मात्र माहीत होतं. म्हणून आता दीड महिन्यानं लिहिते आहे.

शशीकाका आमच्या आळीतले, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. निवृत्त होईपर्यंत ते सरकारी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. हा शब्द नीट उच्चारायला मला, इंग्लिश मीडियमवालीला, आठवडा लागला होता. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या काळ्या गावठी कुत्र्याला, कोकमला, खाज सुटली आणि तेव्हापासून मी काकांना खऱ्या अर्थानं ओळखू लागले. कोकम दिवसभर मागच्या पायानं बगल खाजवायचा, पंजे चावायचा. पोटाची कातडी लालभडक झाली होती. बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत थांबलं नाही तर मिरकरवाड्याला सोडून येतो. बंदरावर मासळी खाऊन राहील." बाबा बोलले की करतात. मी वाद घातला नाही. गुपचूप रोज संध्याकाळी त्याला भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन लाटांत बुडवू लागले. खाऱ्या पाण्यानं खाज जाते, असं आमच्याकडे जो तो सांगतो. घरी नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे वरून गोडं पाणी घालणं जमत नव्हतं. मीठ अंगावरच वाळलं तर औषध जास्त वेळ टिकेल, अशी मी स्वतःची समजूतही घातली. खाज वाढतच गेली.

शुक्रवारी बाबाच त्याला शेवटचा उपाय म्हणून शशीकाकांच्या पडवीत घेऊन गेले. मी मागे उभी. काकांनी केस विंचरल्यासारखे बाजूला करून गोचिडी शोधल्या, कानांचा वास घेतला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग पोटावरून बोट फिरवलं आणि ते सरळ जिभेला लावलं.

"शी! काय करतोस शशी?" बाबा ओरडले.

"चव बघतोय. वाळत घातला होतात की काय ह्याला? नुसता खारा बांगडा झालाय."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोकमच्या शेपटीकडे पाहत राहिले. आता काका विचारणार, बाबांना कळणार, आणि माझ्याच हातानं मी कोकमला बंदरावर पाठवणार... पण काका एवढंच म्हणाले, "विलास, पंधरा दिवस दे मला. आधी डॉक्टरांना दाखवू. मी पट्टीवाला माणूस, डॉक्टर नव्हे."

डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. खरजेचे किडे नव्हते. मीठ आणि वाळूनं कातडी सोलवटली होती, आणि ओल राहून बेचक्यांत जंतू झाले होते. त्यांनी औषध दिलं. बाकीचं काकांच्या विहिरीवर झालं. पाणी गार, कधीच ऊन नाही. "ऊन पाणी आपल्याला बरं वाटतं बाय, त्याची खाज भडकते." मी फोनवर वाचून ओट्सचं पीठ फडक्यात बांधून नेलं. काका हसले, "तुझा नाश्ता घालतेस त्याला?" आणि ती पुरचुंडी भिजवून आधी स्वतःच्या कोपरावर चोळून बघितली. "चालेल. मऊ आहे." पुसण्यात मात्र त्यांना घाई खपत नसे. नुसती पाठ पुसून भागत नाही. गळ्यातल्या पट्ट्याखाली, कानांमागे, एकेक बोट फाकवून कोरडं करायचं. ते दाखवत, मी करत असे. त्या पंधरा दिवसांत आम्ही दोघं फार बोललो नाही आणि मला त्याचा ताण आला नाही. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं. बाराव्या-तेराव्या दिवशी कोकम त्यांच्या पडवीत अख्खी दुपार झोपला. एकदाही पाय उचलला नाही. बाबा न्यायला आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे मग घरीच."

काकांचं तेरावं झालं, त्यानंतर एका संध्याकाळी मी बाबांना सांगून टाकलं, की कोकमला खाऱ्या पाण्यात मीच नेत होते. माझ्या मानानं हे भाषणच. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"माहीत आहे. शशीनं त्याच दिवशी सांगितलंन मला. म्हणाला, पोरीला ओरडू नको, ती आधीच घाबरली आहे. आपणहून सांगेल तेव्हा ऐक." पान उलटून ते पुढे म्हणाले, "तीन वर्षं लावलीस गो!"

मी हसले. मग दोघंही हसलो.

आता रविवारी कोकमला आंघोळ मी घालते आणि पुसतात बाबा. अंगणात उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक बोट फाकवून. परवा मी म्हटलं, "पुरे की बाबा, सुकला तो."

"थांब जरा," ते मान खाली घालून म्हणाले, "शशी बघेल."