नागोरावांची दोन बोटं

कोथरूडच्या त्या कॉलेजात केमिस्ट्रीचे सहा प्राध्यापक आहेत आणि केमिस्ट्री कळणारा माणूस एकच आहे, नागोराव. मूळचे वाशीमकडचे, दहावी नापास, हुद्दा प्रयोगशाळा परिचर. नोकरीला तीस वर्षं होत आली. खात्याच्या फलकावर त्यांचं नाव सगळ्यात खाली आणि चहा सांगायचा झाला की सगळ्यात आधी आठवतं.

हा चहा आणताना नागोराव उकळता ग्लास उजव्या हाताच्या दोन बोटांत धरतात. प्राध्यापक मंडळींना त्याची फार गंमत. "नागोराव, कातडी गेंड्याची आहे हो तुमची," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे डॉक्टरेटवाले खो खो हसतात. हसा लेको, असं नागोराव मनातल्या मनात म्हणतात आणि ट्रे उचलतात.

यंदा या मंडळींत अनिरुद्ध सरांची भर पडली. सर आधी खासगी क्लासमध्ये शिकवायचे. आवाज खणखणीत, जॅकेट कडक इस्त्रीचं आणि सगळी समीकरणं तोंडपाठ. पण ब्युरेटची तोटी कुठल्या बाजूला फिरवायची ते आजही नागोरावांना विचारतात, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. मोबाइलवर प्रयोगांचे व्हिडिओ टाकायचा सरांना भारी नाद.

जानेवारीतली सकाळ होती. फिनॉल थंडीत खोबरेल तेलासारखं गोठतं, म्हणून नागोरावांनी बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पातळ केलं होतं. शेजारी हातमोजे काढून ठेवले होते. बाटली धरायला सरांनी सृष्टी नावाच्या मुलीला पुढे बोलावलं. अकरावीतली गुणी पोर, चित्रकलेत बक्षिसं मिळवणारी. तिने मोजे घातले तर सर म्हणाले, "काढ ते. कॅमेऱ्यात भांडी घासायला आल्यासारखं दिसतं." पोरीने काढले. नागोरावांनी तोंड उघडलं, तर सरांनी बोट ओठांवर ठेवलं. रेकॉर्डिंग चालू होतं ना.

प्रयोग मोठा देखणा, यात वाद नाही. फिनॉल पाण्यात टाकलं की पाणी दुधाळ होतं, नीट विरघळत नाही. त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घातलं की गढूळपणा जातो. फिनॉल हे दुबळं आम्ल. खाण्याच्या सोड्याला ते दाद देत नाही, पण कॉस्टिकपुढे त्याचं काही चालत नाही. कॉस्टिक त्याचा हायड्रोजन काढून घेतं, सोडियम फिनॉक्साइड नावाचं मीठ बनतं आणि ते पाण्यात झकास विरघळतं. सरांनी हे सगळं कॅमेऱ्यात बघून सांगितलं. बाटलीकडे कुणी बघायचं?

बाटली ओली होती, ती सटकली. फिनॉल सृष्टीच्या उजव्या हातावर सांडलं.

"काही नाही सर, दुखत नाहीये," ती म्हणाली. "नुसतं बधिर झालंय." कातडी पांढरी पडत चालली होती.

आता सरांची विद्वत्ता बघा. "घाबरू नकोस. आम्ल आहे, वर अल्कली टाकली की मीठ होईल आणि धुऊन जाईल," असं म्हणत त्यांनी कॉस्टिकची बाटली उचलली. समीकरण अगदी बरोबर होतं. बोर्डाच्या पेपरात पूर्ण गुण.

नागोरावांनी त्यांचं मनगट धरलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुठल्या सराला हात लावला असेल. "अहो सर, ते परीक्षानळीत. ही पोरगी आहे. कॉस्टिक स्वतःच कातडी खातं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

नागोरावांनी आपली ती दोन बोटं सरांच्या नाकासमोर धरली. शेंडे गुळगुळीत, पांढुरके, नखं अर्धीच. "नोकरीला लागलो त्या वर्षी असंच फिनॉल सांडलं होतं. तुमच्यासारख्याच एका सरांनी आधी फळ्यावर समीकरण लिहिलं, मग कॉस्टिक ओतलं. ही तेव्हापासून मेलीत."

सरांनी बाटली खाली ठेवली. नागोरावांनी सृष्टीचा हात नळाखाली धरला, नळ पूर्ण सोडला आणि घड्याळात वीस मिनिटं होईपर्यंत हलू दिला नाही. मग रिक्षा केली आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी हात पुन्हा धुतला, मलम लावलं, मोकळी पट्टी बांधली. संवेदना येते का ते बघू, म्हणाले. नागोराव बाकावर बसून राहिले. ही बोटं पेन्सिल धरणारी आहेत, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं, आणि त्यांना मनापासून भीती वाटत होती. तेवढ्यात सरांचा फोन आला. 'प्राध्यापकांनी तत्काळ प्रथमोपचार केले' असा अहवाल लिहिलाय, उद्या सही करा, म्हणाले. नागोरावांनी फोन बंद केला.

तासाभराने सृष्टीने त्यांची बाही ओढली. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "काका, आता आग होतेय. फार आग होतेय हो."

"बोटांच्या टोकांना पण?"

"हो, तिथेच जास्त."

नागोरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तीस वर्षं आपल्या दोन बोटांत त्यांनी याच आगीची वाट पाहिली होती.

"होऊ दे बाळा," ते म्हणाले आणि डॉक्टरांना बोलवायला उठले.