सोमवारच्या पुड्या

आखाडा बाळापूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर आले नि गेले, कंपाउंडर मात्र एकच राहिला, प्रेमदास. डॉक्टर बोलायचे त्यातलं निम्मं पेशंटच्या डोक्यावरून जायचं. उरलेलं प्रेमदास औषधाच्या खिडकीत उलगडून सांगायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांच्या पाकिटावर तो चित्रं काढायचा. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चांदणी, आणि जेवल्यावर घ्यायची असेल तर खाली एक गोल भाकरी. तांड्यातांड्यांतल्या बाया डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा या भाकरीवर जास्त भरवसा ठेवत. प्रेमदासला त्याचा भारी तोरा होता. आता एवढं जमत असेल तर माणसाने थोडा तोरा मिरवला म्हणून काय बिघडलं?

दुसरा तोरा बायकोचा. जमनाबाई तांड्यावर होती तेव्हा हळदीच्या वावरात दिवस दिवस उन्हात वाकलेली असायची. चौऱ्याण्णव साली प्रेमदासने बाळापुरात दोन खोल्या बांधल्या, तिला आणलं आणि म्हणाला, "झालं, तुझं ऊन संपलं." खोल्या एकमेकींना खेटून, अंगण नावालाही नाही. ती डोक्यावरून ओढणी घेऊन आत बसायची, निवडणं-टिपणं करायची. तांड्यावरच्या बाया म्हणायच्या, नशीब काढलं. दहा वर्षं तिने हे नशीब सावलीत बसून भोगलं.

मग तिच्या मांड्या दुखू लागल्या. कंबर धरू लागली. जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. प्रेमदासने वर्षभर स्वतःच्याच हिशेबाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर एकदाचा तिला नांदेडला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व सात. निदान वीसच्या वर हवं होतं.

"हाडं मऊ पडलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडू देऊ नका यांना. आठवड्यातून एक पुडी, आठ आठवडे. जेवल्यावर, दुधातून."

प्रेमदासने मान हलवली. पुडी त्याला नवी नव्हती. बाळापूरच्या दवाखान्यातही ती मिळू लागली होती आणि तिची अडचण त्याने केव्हाच ओळखली होती. रोजची गोळी बाया विसरत नाहीत, आठवड्याची हमखास विसरतात. मग त्याने शक्कल काढली: जिचा जो उपवास, त्या वारी तिची पुडी. उपवासाचा वार कोणती बाई विसरेल? राहिलं दूध. ते तर पहाटेच डेअरीत जातं. दुधातून घे म्हटलं की बाई पुडी फडताळात ठेवणार आणि दुधाची वाट बघणार. म्हणून तो सांगायचा, "पाण्यात टाक अन् पिऊन घे." पुडी चुकेना. एका डॉक्टरने त्याची पाठही थोपटली होती.

जमनाबाईचा सोमवार कडक. दिवसभर कोरा चहा, संध्याकाळी काय ते जेवण. प्रेमदासने तिच्या पाकिटावर सकाळचा सूर्य काढला आणि शेजारी महादेवाची पिंड. भाकरी काढली नाही. उपवासाला कुठली भाकरी!

आठ सोमवार झाले. दुसरा रिपोर्ट आला अकरा.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुड्या घेतल्या ना नीट?"

प्रश्न जमनाबाईला होता, पण लागला प्रेमदासला. तीस वर्षं कंपाउंडरकी केली आणि घरातलंच औषध पोटात जात नाही, असं कुणी म्हणावं? येताना बसमध्ये तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा उलगडून बघत होता. घरी आल्यावर त्याने विषय काढला. दोघं घरात गोरमाटी, तांड्यावरची बंजारा बोली, बोलत. लेकरंबाळं, सुखदुःख सगळं त्याच बोलीत. पण प्रेमदास चिडला की त्याच्या तोंडून मराठी यायची, दवाखान्याच्या खिडकीतली.

"खरं सांग. पुड्या मालनबाईला दिल्यास ना?"

मालनबाई म्हणजे तिची धाकटी बहीण, तांड्यावरची. तिचे गुडघे गेलेले. जमनाबाईच्या हातात काही पडलं की निम्मं बहिणीकडे जायचं, हे खरंच होतं.

"न्हाई," जमनाबाईही मराठीतच म्हणाली. "म्या घेतल्या. आठच्या आठ."

भिंत धरत ती उठली आणि पत्र्याची डबी घेऊन आली. आत आठ रिकाम्या पुड्या होत्या, एकीवर एक घडी घालून ठेवलेल्या. नवऱ्याला दाखवायला ठेवल्या होत्या तिने. शाबासकी मिळेल म्हणून असेल.

"रिकामी पाकिटं काय दाखवून राहिलीस? पूड कोणाच्या पोटात गेली ते सांग."

तिने डबीचं झाकण लावलं. पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. प्रेमदासला वाटलं, चोरी पकडली.

दोन महिन्यांनी ती मोरीच्या उंबऱ्याशी घसरली. पडणं कसलं, बसणंच ते. पण खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या आणि या वेळी त्यांनी प्रेमदासकडे न बघता तिलाच विचारलं, "मावशी, पुडी कशी घेत होता?"

"सोमवारी सकाळी. पाण्यात टाकून. उपास असतो ना," ती म्हणाली. "ह्यांनी चित्र काढून देलतं."

बाई प्रेमदासकडे वळल्या. मग म्हणाल्या, "उन्हातलं ड जीवनसत्त्व कातडीतच तयार होतं, त्याला पोट लागत नाही. सुईतलं मांसातून हळूहळू उतरतं. पुडीतलं पोटातून जातं, आणि त्याला सोबतीला तेल, तूप, दूध, काहीतरी स्निग्ध लागतं. उपाशीपोटी नुसत्या पाण्यातून गेलेलं पुरतं अंगी लागत नाही. सगळा दोष त्याचाच असेल असं नाही, काहींच्या अंगात ते चढतंच सावकाश. पण तुम्ही कंपाउंडर ना? मी जेवल्यावर म्हणाले होते."

प्रेमदास खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत उभा राहिला. जमनाबाई छताकडे बघत होती. "सांगितलं होतं ना मी," एवढं जरी ती म्हणाली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

बाळापूरला परतल्यावर तो सायकलवरून तांड्यातांड्यांत फिरला. तीसेक बायांची पाकिटं मागून घेऊन त्यांवरचा उपवासाचा वार बदलला, भाकरी काढली, तिच्याशेजारी दुधाचा पेला. मालनबाईचीही पुडी मध्यंतरी सुरू झाली होती; तिच्याही दारात गेला. तिने विचारलं, "भाऊजी, काहून वार बदलला?" तो म्हणाला, "माझं चुकलं." हे म्हणायला त्याला तिथे काहीच जड गेलं नाही. चुकीचं औषध सुधारता येतं. घरात बायकोला चोर म्हटलं होतं, त्यावर कोणती भाकरी काढायची?

तरी तो म्हणाला. एका दुपारी तिच्याजवळ बसून, गोरमाटीतच, सगळं म्हणाला. उन्हातून आणलं तेही चुकलं, म्हणाला. जमनाबाईने ऐकून घेतलं आणि "असू दे" म्हटलं. रागही नाही, रडणंही नाही.

घरात आता रोज शेरभर दूध येऊ लागलं. नव्या पुड्या सुरू झाल्या, रविवारी, दुपारच्या जेवणावर. सकाळी प्रेमदास तिची खुर्ची रस्त्याकडेच्या उन्हात मांडायचा. तिसरा रिपोर्ट अठ्ठावीस आला. तो कागद नाचवतच घरात शिरला. आता बरोबर आहे का, एवढंच तिने गोरमाटीत विचारलं, आणि काठी टेकत आत गेली. जमिनीवर बसणं कायमचं सुटलं ते सुटलंच.

पुढे महिन्याला एकच पुडी राहिली. त्या रविवारी जमनाबाई जेवून घेई आणि प्रेमदासचं हात धुणं होईपर्यंत थांबे. मग त्याच्यासमोर पुडी फोडायची, दुधात टाकायची, पेला रिकामा करून उपडा धरायची. पहिल्यांदा त्याला वाटलं, सहजच. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मला नको दाखवू, माझा भरवसा आहे." तिसऱ्यांदा त्याने हात जोडले.

तिने ऐकलं नाही. आजही महिन्याच्या त्या रविवारी ती पेला उपडा धरते, रिकामी पुडी घडी घालून डबीत टाकते आणि म्हणते,

"बघा. घेतली."

बाकी सगळं ती त्याच्याशी गोरमाटीतच बोलते. एवढंच मराठीत म्हणते.