लिबेरातोला झोप लागली

दोन्ना कार्मोझिनाच्या पंचतारांकित हॉटेलात वर्षातून एक महिना फुकट राहणारा एकच माणूस होता, आणि तोच सगळ्यात जास्त तक्रारी करायचा. त्याचं नाव लिबेरातो. नात्यानं तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरजावई. हुद्दा विचारला तर तो स्वतःच सांगायचा, "मी पगारी झोपमोड."

हॉटेल हिवाळाभर बंद असायचं, ईस्टरला उघडायचं. त्याआधी मार्चभर, रोज एक अशा एकतीस खोल्यांत लिबेरातोनं निजायचं. सकाळी स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता, कशाकशानं जाग आली ते सांगायचं. कार्मोझिना ते जुन्या मेनूकार्डांच्या पाठीवर लिहून घ्यायची आणि नळापासून छपरापर्यंत सगळं बघणारा म्हातारा पांतालेओने पान्हे घेऊन वर जायचा. समुद्राच्या बाजूच्या खोलीत झोपून पैसे मिळवणारा अख्ख्या किनाऱ्यावर हा एकटाच, असं गाव म्हणायचं. गावाच्या म्हणण्यात कौतुक किती आणि कुचकेपणा किती, हे लिबेरातोनं कधी मोजलं नाही.

ही नोकरी त्याला हुशारीनं मिळालेली नव्हती. लग्नानंतर सासऱ्यांनी, म्हणजे बोनावेन्तुरांनी, आधी त्याला काउंटरवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका जोडप्याला प्रामाणिकपणे सांगितलं, की समुद्र शेजारच्या हॉटेलातून जास्त चांगला दिसतो. मग पाहुण्यांना फिरवून आणायच्या होडीवर पाठवला, तर पाहुण्यांच्या आधी यालाच उलटी. शेवटी सासऱ्यांना त्याच्या लग्नानंतरची पहिली सकाळ आठवली. नवी जोडी चार नंबरात उतरली होती. "कशी झाली रात्र?" असं हसत विचारणाऱ्या सासऱ्यांना जावयानं खोलीतल्या अकरा खोडी ओळीनं सांगितल्या होत्या. खिडकीची झडप वाजते, पलंग बोटभर समुद्राकडे कललाय, लिफ्टचा दोर गुणगुणतो. गाव महिनाभर हसलं. सासरे मात्र म्हणाले, "चाळीस वर्षं सगळे मला 'सुंदर, सुंदर' म्हणून फसवून गेले. खरं बोलणारा हा पहिलाच गाढव!"

तेव्हापासून चौतीस मार्च लिबेरातोच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्यावर त्याचं घर चाललं.

यंदा एक तारखेला तो एक नंबरात निजला आणि उठला तेव्हा नाकावर ऊन आलेलं. घड्याळात आठ वाजून गेलेले. आधी त्याला वाटलं, आपण मेलो. मग लक्षात आलं, त्याहून वाईट झालंय. आपल्याला झोप लागली.

तो जिना उतरायला लागला. झोप लागणाऱ्या माणसाचं या हॉटेलात काय काम? धक्क्यावरच्या बारमध्ये गावातले रिटायर म्हातारे दिवसभर पत्ते पिसत बसायचे. त्यांच्यातला एक दर रविवारी एक रिकामी खुर्ची पुढे ओढून म्हणायचा, "ये रे लिबेरा, तुझी वाट बघतेय ही." ती खुर्ची त्याला स्पष्ट दिसायला लागली.

"बोल," कार्मोझिना पेन्सिल घेऊन तयारच होती.

"नळ," लिबेरातो म्हणाला. "ठिबकतो."

पांतालेओनेनं नळ उघडून पाहिला. वायसर नवा होता. दुसऱ्या दिवशी लिबेरातोनं कपाट करकरवलं, तिसऱ्या दिवशी गच्चीवर मांजर आणलं. खोटं बोलणं त्याला सोपं वाटायला लागलं, तिथंच घात झाला. पाच नंबरात त्यानं न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी कुजबुजतंय असं सांगितलं. 'कुजबुजतंय' हा शब्द त्याला स्वतःलाच फार आवडला. पांतालेओनेनं दोन दिवस ती भिंत फोडली. सासऱ्यांनी व्हिएत्रीहून आणलेल्या, हातानं लिंबं रंगवलेल्या सतरा फरशा निघाल्या, त्यातल्या सहा फुटल्या. आत पाइप कोरडा आणि भिंतही कोरडी.

"कुजबुज कुठंय?" पांतालेओनेनं विचारलं.

"आता थांबली असेल," लिबेरातो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्याची बायको त्रोफिमेना घरी स्पष्टच म्हणाली, "मी तीन हाका मारते तेव्हा तू 'काय?' म्हणतोस. कान गेलेत तुझे. जाऊन सांग ताईला."

"माझे कान? अख्ख्या किनाऱ्यावर असे कान नाहीत!"

"तेच म्हणतेय मी."

नऊ तारखेला रात्रभर डोंगरावरून वारं सुटलं होतं. दहाला सकाळी लिबेरातो स्वयंपाकघरात आला तर कार्मोझिना, पांतालेओने आणि त्रोफिमेना, तिघंही टेबलाशी बसलेली. त्रोफिमेना या वेळी इथं कशी, हे त्यानं विचारायला हवं होतं. पण त्याचा मजकूर तयार होता.

"नऊ नंबर," त्यानं कॉफीत साखर ढवळत सांगितलं. "आरशामागे एक रातकिडा आहे. बारीकच, पण माझ्या कानाला लगेच कळतं."

कार्मोझिनानं पेन्सिल उचलली नाही. "आणि झडप?"

"कुठली झडप?"

पांतालेओने फस्सकन हसला. "अरे देवमाणसा, नऊची झडप मी संध्याकाळी बिजागरीतून सैल करून ठेवली होती, दोन्नाच्या सांगण्यावरून! रात्रभर धाडधाड आपटत होती. पाद्रीबाबा सकाळी प्रार्थना सोडून इथं भांडायला आले. सगळं गाव जागं होतं. आणि तुला रातकिडा!"

लिबेरातोनं कप खाली ठेवला. आता रडावं की हसावं ते त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं खरं बोलून टाकलं. "मला झोप लागते. एक तारखेपासून. ढाराढूर. माफ करा, दोन्ना कार्मोझिना." चौतीस वर्षांत आकडसासूला तो 'तुम्ही' म्हणत आला होता, पण इतक्या मनापासून कधीच नाही.

"सहा फरशा, लिबेरातो. बाबांच्या."

"हो."

"किल्ल्या ठेव इथं."

त्यानं जुडगा टेबलावर ठेवला. खुर्ची मागे सारली, उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "सकाळी माझं दार उघडं होतं. आत आलं होतं कुणी?"

"मीच," कार्मोझिना म्हणाली. "पाव तास दार ठोकलं. शेवटी माझ्या किल्लीनं उघडलं. तू आपला तोंड उघडं टाकून!"

"पाव तास?" लिबेरातो परत येऊन बसला. "मग बेर्गामोच्या सिन्योराचं काय? चौदा नंबर, दर जूनला येते ती."

"तिचं नाव काढू नकोस. नाश्ता मागवते आणि दार उघडत नाही. दोन वर्षं ट्रे परत आणतोय आम्ही. शिष्ट बाई."

"वय काय तिचं?"

"तुझ्याएवढं असेल," कार्मोझिना म्हणाली आणि तिनं पेन्सिल उचलली.

"ती उपाशी बसते आत," लिबेरातो म्हणाला, "आणि म्हणते, काय हे हॉटेल, नाश्तासुद्धा वेळेवर देत नाहीत. दार वाजलेलं तिला ऐकूच येत नाही. फोनही नाही. मलाही नऊ खोल्यांत एकदाही ऐकू नाही आला. तुम्ही केला होतात का कधी?"

"परवा, सातमध्ये. तीनदा. मला वाटलं, बाथरूममध्ये असशील."

"आपले पाहुणे माझ्याच वयाचे झालेत, दोन्ना. झडपेनं त्यांची झोप मोडत नाही आता."

पांतालेओनेनं डोकं खाजवलं. "दार ठोकलं की आत दिवा लागेल असं करता येतं. वायर ओढावी लागेल."

"भिंत न फोडता," कार्मोझिना म्हणाली.

"याला पुन्हा पाणी कुजबुजताना ऐकू आलं नाही, तर," पांतालेओने लिबेरातोकडे बघत म्हणाला.

कार्मोझिनानं मेनूकार्ड उलटं केलं आणि 'चौदा नंबर, दिवा' असं लिहिलं. मग जुडगा बहिणीकडे सरकवला. "उद्यापासून तूही जा याच्याबरोबर. ऐकायचं काम तुझं, न ऐकायचं याचं."

"म्हणजे माझी मार्चची सुट्टी गेली," त्रोफिमेना म्हणाली. "वर्षातून एवढा एकच महिना पलंग पूर्ण माझा असतो, ताई!"

"चार नंबर मागून घे," पांतालेओने म्हणाला, "तिथं याचं काम राहिलंय." त्रोफिमेनानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"आणि तू," कार्मोझिना लिबेरातोकडे वळली, "आत्ता पाच नंबरात. त्या फरशा लागेपर्यंत घमेलं तू धरायचंस."

लिबेरातोनं बाह्या दुमडल्या. दुपारपर्यंत तो न्हाणीघरात उकिडवा बसून घमेलं धरत होता, आणि पांतालेओने प्रत्येक फरशी बसवताना त्याच्याबद्दल, त्याच्या कानांबद्दल आणि त्याच्या पूर्वजांबद्दल काही ना काही सांगत होता. त्यातलं निम्मंच लिबेरातोला ऐकू आलं. तेवढंही भरपूर झालं.