खंडेनवमीला मांडलेली पाच पुस्तकं

“यव्वा! देवाजवळ हा उघडा बुवा कुणी मांडला गं वैनी?”

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हॉलमधून आत्याचा आवाज आला आणि चहा कपाऐवजी ओट्यावर पडला. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. राहायला अक्कलकोटकडे, सणाला आमच्याकडे. हळू बोलायची तिला सवय नाही. पुढचं वाक्य तिनं जरा दबक्या आवाजात म्हटलं, म्हणजे ते फक्त खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. “आन् ह्याला शिंगं हायत की!”

शिंगं आहेत हे मला माहीत होतं. त्या शिंगांसोबत मी चारशे चाळीस पानं काढली होती. चाळीस राहिली होती.

फडक्यानं ओटा पुसला, कप ट्रेमध्ये मांडले आणि तशीच उभी राहिले. बाहेर जायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागणार होतं. बोलणं हा माझा प्रांत नाही. घरात आम्ही मराठी आणि कानडी एकत्र कालवून बोलतो, शाळेत फक्त इंग्रजी चालायचं. तीन भाषा आल्या आणि तिन्हींत गप्प बसायची सवय लागली. मराठी लिहायला शिकले ती आईच्या दिवाळी अंकांवर, दुपारी सगळे झोपलेले असताना. त्या अंकांतही प्रेमकथा असायच्या. पण ते अंक टीपॉयवर उघडे पडलेले असत. त्यांना कव्हर घालावं असं कुणालाच वाटलं नाही.

माझ्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांना मात्र कव्हर होतं. ते मीच घातलं होतं, म्हणून आधी त्याबद्दल.

आमच्या शाळेत दर जूनमध्ये सगळ्या वह्यापुस्तकांना ब्राऊन पेपरचं कव्हर आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लागायचं. आई आणि मी दोन दिवस तेच करत बसायचो. कोपरे दुमडणं मला इतकं छान जमतं की डोळे मिटूनही घालीन. नोकरी लागल्यावर हा हात पुन्हा कामाला आला. मी चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहिते. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये वाचते. एकदा शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं, मग मला पाहिलं आणि हसले. वाईट असं काही बोलले नाहीत. नुसतं हसले. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनरीच्या दुकानातून ब्राऊन पेपर आणला.

लेबलं शाळेतलीच उरली होती. एकावर लिहिलं, ‘बँकिंग अवेअरनेस’. दुसऱ्यावर ‘क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड’. बाकीच्यांवरही असंच काहीबाही.

ही नावं आकाशातून पडली नव्हती. कॉलेज संपल्यावर मी बँकेच्या परीक्षेला दोनदा बसले. दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं, आणि दुसऱ्यांदा राहिलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मी फॉर्म भरलेला नाही. अप्पांना हे माहीत नव्हतं. कारखान्यातली नोकरी तात्पुरती आहे आणि पोरगी रोज बँकेचा अभ्यास करते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात गप्प राहणाऱ्याचं हो धरतात.

तर माझ्या टेबलावर अशी पाच पुस्तकं होती. चार नुकतीच वाचून झालेली. एकात एका लहान गावातली जनावरांची डॉक्टर आणि तिच्या दारासमोरच दुसरा दवाखाना थाटणारा अतिशहाणा माणूस. त्या दोघांनी मिळून एका अडलेल्या म्हशीची सुटका केली, त्या प्रकरणाला मी बसमध्ये रडले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. एकात साठी उलटलेली चेटकीण, जी तिला अटक करायला आलेल्या अंमलदाराच्या प्रेमात पडते. साठीतल्या बाईला असं कुणी आवडू शकतं, हे आमच्या गल्लीत कुणी मान्य करणार नाही. त्या पुस्तकात गाव मान्य करत नाही आणि बाई गावाला विचारतही नाही. मग एका तीन भागांच्या कादंबरीचे पहिले दोन. दुसरा संपतो तेव्हा नायिका अर्ध्या तुटलेल्या पुलावर उभी आहे, आणि ती ऑगस्टपासून तिथंच उभी आहे, कारण तिसरा भाग जानेवारीत येणार. मी तो मागवून ठेवलाय.

आणि पाचवं, सध्या चालू असलेलं. नकाशे काढणारी एक मुलगी, तिला नेमून दिलेलं एक जंगल जे रोज सकाळी जागा बदलतं, आणि त्या जंगलाचा शिंगंवाला मालक. ती नकाशा काढते, सकाळी तो खोटा ठरतो, ती पुन्हा काढते. मला या मुलीचा फार आदर वाटतो.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी कारखान्यात होते. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. मागांना हार, कटिंगच्या मशीनला नारळ, आणि ऑफिसातल्या प्रिंटरलाही कुंकू आणि झेंडूचं फूल. अर्ध्या दिवसानं सुट्टी झाली. दुपारी एकच्या सुमाराला जुळे सोलापूरला घरी पोचले, तेव्हा आईनं घरची पूजा मांडून ठेवली होती. पाटावर पांढरं वस्त्र. त्यावर अप्पांची कापड कापायची मोठी कात्री आणि लोखंडी गज. ही दोन्ही अवजारं भवानी पेठेतल्या त्यांच्या चादरींच्या दुकानातून वर्षातून एकदा घरी येतात. शेजारी आईची विळी. स्कूटरची किल्ली. आणि मधोमध, एकावर एक नीट रचून, माझी पाच पुस्तकं. प्रत्येकावर विभूतीचे तीन पट्टे, कुंकवाचा टिळा, वर झेंडू.

“तुझी अभ्यासाची ठेवली,” आई म्हणाली. “यंदा तरी पास कर म्हणून सांगितलं देवाला.”

माझा हात आपोआप पुढं गेला.

“हात लावू नकोस. उद्या पूजा हलवली की घे. आज पुस्तक उघडायचं नसतं.”

पहिला अर्धा तास मी घाबरले होते. सगळ्यात वर शिंगंवाला, त्याच्या अंगावर फक्त ब्राऊन पेपर. नंतर मात्र जेवताना मी त्या पाटाकडे बघत राहिले आणि भीती हळूहळू बदलली. अप्पांचं पोट कात्रीवर आणि गजावर आहे, म्हणून ती तिथं. आईचा दिवस विळीवर सुरू होतो, म्हणून ती तिथं. माझं काय? ऑफिसच्या मेलांवर माझा पगार निघतो. पण सकाळी उठून कारखान्याच्या बसमध्ये चढावंसं वाटतं ते त्या पुस्तकांमुळे. आईनं चुकून मांडली खरी. पण जागा चुकली, असं मला तरी म्हणता येईना.

ही पुस्तकं पोरकट आहेत, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. चांगलं वाच, उपयोगाचं वाच. इंग्रजी वाचता यावं म्हणूनच मला त्या शाळेत घातलं होतं ना? आता वाचतेय. आत्या आमच्याकडे असली की रोज संध्याकाळी सातला मालिका लावते. त्यात एक बाई नागीण होते आणि तिचा नवरा तिसऱ्यांदा जन्माला आलाय. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोललेलं तिला चालत नाही. नऊ दिवस आमच्याकडे रेड्याच्या रूपातल्या राक्षसाला मारणाऱ्या देवीची पोथी वाचली जाते, आणि ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण माझ्या पुस्तकात एखाद्या बाईनं तलवार उचलली की तो टाइमपास. आणि तिनं तलवार खाली ठेवून कुणाचा हात धरला, की मग बोलायलाच नको.

चार वाजता आत्या आली. पाच वाजता खालच्या मजल्यावरच्या काकू कुंकवाला आल्या. मी चहा ठेवला, आणि मग तो उघडा बुवा निघाला.

ट्रे घेऊन मी बाहेर गेले. आत्या पाटासमोर मांडी घालून बसली होती, हातात पुस्तक. ओल्या झेंडूनं कव्हर भिजलं होतं आणि वरच्या बाजूनं सोललं गेलं होतं. ‘बँकिंग अवेअरनेस’चं लेबल तिच्या बोटाला चिकटलं होतं.

“वन्सं, आज पुस्तक उघडायचं नसतं,” आई म्हणाली. दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नसणार.

“मी कुटं उघडलं? सुनेला बँकेचं पुस्तक पायजे हुतं. कुटल्या सालचं हाय बघाया गेले, तर हे ध्यान बाहेर आलं.” तिनं दुसऱ्या पुस्तकाच्या कव्हरचा कोपरा नखानं उचलला. “हितं बी तेच. ही बघ, तलवार घेऊन त्याच्या मिठीत. कापतीया का मिठी मारतीया, काय कळंना.”

काकू हसल्या. “इंग्लिश मीडियमच्या मुलींचं असंच असतं हो. वाचतात पुष्कळ. काय वाचतात ते विचारायचं नाही.”

“उद्या रद्दीत घाल वैनी सगळी,” आत्या म्हणाली. “पोरीचं बघायचंय आता. कुणी आलं आन् हे दिसलं तर?”

अप्पा खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते पुस्तकाकडे बघत नव्हते, आत्याच्या बोटावरच्या लेबलाकडे बघत होते. ते अक्षर माझं आहे हे त्यांना ओळखू आलं असणार.

“मग बँकेची पुस्तकं कुठायत?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आई पटकन मध्ये आली. “अहो, हिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची असतील. ती ठेवायला देते हिच्याकडे. हो ना गं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. ती मला विचारत नव्हती, वाट काढून देत होती. शाळेत स्टेजवर माझी वाचा बसायची, तेव्हा आई बाईंना सांगायची, तिचा घसा बसलाय. पाहुण्यांसमोर मी गप्प बसले की सांगायची, डोकं दुखतंय तिचं. आईनं आयुष्यभर माझ्यासाठी अशी छोटी छोटी खोटी सांगितली, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली. आताही तेवढंच करायचं होतं. मान हलवली की पुस्तकं मैत्रिणीची होतील, परीक्षा चालू राहील, अप्पांचा चष्मा नाकावर नीट बसेल. आणि उद्या पाचही ‘तिची तिला देऊन टाक’ म्हणून घराबाहेर जातील. मैत्रिणीची म्हटल्यावर मी ती ठेवून तरी कशी घेणार?

माझ्या पुस्तकांत शेवटाकडे एक पान हमखास येतं. तिथं खोटं बोलायची अगदी सोयीची संधी समोर असते आणि कुणीतरी ती घेत नाही. असं पान मी किती वेळा वाचलं असेन. दर वेळी बसमध्ये बसून त्या माणसाला मनात म्हणायचे, बोल की आता.

मी ट्रे टीपॉयवर ठेवला.

“मैत्रिणीची नाहीत,” मी म्हणाले. आवाज फाटला, पण बाहेर आला. “माझी आहेत.”

“आणि परीक्षा?” अप्पा म्हणाले.

“दोन वर्षं झाली, अप्पा. मी देत नाहीये. देणारही नाही. मला ही नोकरी आवडते.”

आईनं तोंडावर पदर धरला. अप्पा पाटावरच्या कात्रीकडे बघत राहिले. काकूंनी चहाचा कप उचलला, कारण त्यांना आता तिथून हलायचं नव्हतं.

“ऐक तिचं,” आत्या अप्पांना म्हणाली. “कव्हर घालून फसवलंय की बापाला.”

हे मात्र खरं होतं. ते नाकारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी आत्याजवळ खाली बसले, तिच्या बोटावरचं लेबल काढलं आणि पुस्तक तिच्या हातातून घेऊन पाटावर होतं तिथं, झेंडूखाली, सरळ ठेवलं.

“कव्हर घातलं ते चुकलंच,” मी म्हणाले. “पण रद्दीत काही जाणार नाही, आत्या. खालची चार माझी वाचून झालीत. ह्याची चाळीस पानं राहिलीत, ती उद्या सगळ्यांना सोनं देऊन झालं की इथंच हॉलमध्ये बसून वाचणार आहे. जानेवारीत अजून एक येतंय. त्याला मी कव्हर घालणार नाही.”