हौदातली शाई

कुणी भाजल्यावर टूथपेस्ट फासलेली दिसली की माझं डोकं फिरतं. आधी पाणी ओता, मग काय कोरफड लावायची ती लावा, असं मी आलेल्या पाहुण्यांनासुद्धा दटावते. बायका हसतात. एवढ्याशा भाजण्याचा एवढा काय बाऊ, म्हणतात. त्यांना काय सांगू? पाणी दहा पावलांवर होतं आणि मी ते घेत नव्हते. 

लातूर नवा जिल्हा झाला आणि बाबांची मुखेडहून इथल्या कचेरीत बदली झाली, कारकून म्हणून. जिल्हा झाल्याचं कौतुक सगळ्यांना होतं, पण पाऊस दोन वर्षं नाही आणि नळाला पाणी आलं तर आलं. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकून तीन घरमालकांनी खोली नाकारली, चौथ्यांनी दिली. अंगणात त्यांचा सिमेंटचा हौद होता, टँकरनं भरून घेतलेला. राहायला आलो त्याच दिवशी बाबांनी मला बाजूला घेतलं. "हौदाकडं जायचं न्हाई. ही खोली गेली तर कुठं जावं आपण?" मी अकरा वर्षांची होते. तेव्हापासून अंगण ओलांडतानाही मी हौदाला वळसा घालायची.

त्या दुपारी माय घागर घेऊन हापशाच्या रांगेत गेली होती. मी भाकरी करत होते. शेवटची भाकर झाली आणि तापलेला तवा मी खाली फरशीवर ठेवला. ही चूक माझीच. चार वर्षांची धाकटी मागनं धावत आली, अडखळली आणि तळहात थेट तव्यावर टेकला. मी तिला ओढली, तवा सारला, पण तळहात लालबुंद झाला होता. ती किंचाळायला लागली.

रांजणाच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं, प्यायचं. ते सांडायची माझी छाती झाली नाही. मी नुसती फुंकर घालत बसले.

ओरडा ऐकून घरमालकीणकाकू ओट्यावर आल्या. "काय झालं गं पोरी?"

"हात भाजला, काकू."

"अगं, मग कोरफड लाव की! थांब, देते." डब्यातल्या झाडाचं पान मोडून त्यांनी वरून टाकलं. मला झेलता आलं नाही. मातीतनं उचललं, पुसलं, विळीवर चिरलं आणि गर चोळला. घटकाभर धाकटी मुसमुसली आणि पुन्हा सुरू झाली.

"बटाटा किसून लाव."

बटाटा घरात नव्हता.

"मग शाई लाव, शाई. आमच्यात तेच लावतेत. फोड येत न्हाई." काकूंना खरंच कळवळा होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी सुचवलं नाही ते एकच.

मी दप्तरातली दौत तळहातावर उपडी केली. हात निळा झाला आणि मी जास्तच भ्याले, कारण आता फोड आलाय की नाही तेही दिसेना. वरून हात चुलीइतका गरम. रडून रडून धाकटीचा श्वास अडकायला लागला. ही आता मरते, असं मला खरंच वाटलं. मी तिला काखेत उचललं, हौदाकडे पळाले आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला.

ती गप्प झाली. एकदम गप्प. पाण्यात निळा धूर पसरावा तशी शाई पसरत गेली, आणि ती कशी परत गोळा करावी ते मला कळेना. मान वर करून बघितलं तर काकू ओट्यावर तशाच उभ्या होत्या.  आत गेल्या आणि दार लावलं.

माय आली. मी रडत सगळं सांगितलं. तिनं आधी धाकटीचा हात बघितला, मग हौद, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डोक्यावरची घागर तिनं खाली ठेवलीच नाही. तशीच गेली आणि तीन तास रांगेत उभं राहून आणलेलं पाणी हौदात ओतून आली. भरपाई म्हणून. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

दिवस कलताना काकूंच्या गड्यानं हौदाच्या तळाचा बोळा काढला. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "शाई पडली ना, म्हणून. दुसरं काय न्हाई हां, बाई." आवाज अगदी गोड. शाईच्या पाण्यानं भांडी घासता आली असती, झाडं जगली असती. तसल्या दुष्काळात ते सगळं पाणी अंगणातून, आमच्या दारावरून नालीत चाललं. मायची घागरही त्यातच. आता बाबा येतील, काकू त्यांना खोली सोडायला सांगतील, या धास्तीनं मी दाराआड उभी होते.

माय उठली. धाकटीला घेऊन त्या वाहत्या पाण्याशी उकिडवी बसली आणि तिचा हात धारेत धरला. हौद रिकामा होईपर्यंत ती हलली नाही. मध्येच तिनं माझ्याकडे बघितलं.

"तू बी ये. बोटं बघ तुझी."

मी बघितली. तवा सारताना माझी चारही बोटं भाजली होती, फोड टरारून आले होते. दुपारपासून मला ते कळलंच नव्हतं.