शालीचं जळकं टोक

या जगात एखादी निर्दोष वस्तू असेलही, पण माझ्या मामेसासऱ्यांच्या नजरेखालून ती अजून गेलेली नाही. मामांनी हयातभर भिवंडीच्या एका कारखान्यात लूमवरून उतरलेले तागे तपासले. उजेडावर कापड सरकवायचं आणि तुटका धागा, गाठ किंवा तेलाचा डाग दिसला की तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. नोकरी संपली, पण दोऱ्याची गुंडी खिशातच राहिली. ख्यालीखुशाली विचारताना ते समोरच्याच्या शर्टाचं टोक चिमटीत धरतात आणि उत्तर बहुधा त्या कापडाकडूनच घेतात. माझ्या लग्नात मंगलाष्टका ऐन रंगात आलेल्या असताना हे पुढे आले, अंतरपाटाला जवळजवळ नाक लावलं, खालच्या काठाला लाल दोरा बांधला आणि "धागा तुटला हाय" एवढंच सांगून जागेवर जाऊन बसले. भटजी पुढचं कडवं विसरले. अंतरपाटापलीकडून माझी होणारी बायको खुदकन हसली, तेव्हाच मला वाटलं की आपलं बरं चालणार.

अशा माणसाला मी आमच्या चित्रपट मंडळात आणलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही पंधरा-वीस जण अवघड चित्रपट पाहतो आणि मग त्यावर त्याहून अवघड बोलतो. मामी गेल्यापासून मामा महिन्यातून तेवढंच एकदा दाढी गुळगुळीत करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोन गावाहून रिक्षाने येत. अडचण एवढीच होती की आम्ही माणसाच्या एकटेपणावर बोलत असू आणि मामा मध्येच विचारत, "त्याच्या कोटाचं दुसरं बटण मघाशी काळं व्हतं, आता तपकिरी कसं?" शेवटी एका रविवारी चित्रपटाआधी मंडळाच्या अध्यक्ष बाईंनी मला जिन्यात गाठलं. बाई निवृत्त प्राध्यापक, शब्दाच्या पक्क्या. म्हणाल्या, "त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगा. तुम्ही आणलंत, तुम्हीच सांगा. आजच." तो रविवार काढून घेतला तर त्या इस्त्रीच्या शर्टाने जायचं कुठे?

त्या दिवशीचा चित्रपट म्हणजे निव्वळ स्वप्न होतं. मिठागरातून एक माणूस शिडी घेऊन चालतोय, एक बाई राखाडी शाल पांघरून रिकाम्या घरात दिवे लावतेय, अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही. चित्रपट दोन फाइलींत आला होता, नावं परक्या लिपीत. लॅपटॉप मी लावला. संपल्यावर सगळे भारावले. मधोमध भली लांब श्रेयनामावली येऊन गेली होती आणि तिच्यामागोमाग मोठ्या अक्षरांत चित्रपटाचं नाव! बाई म्हणाल्या, "शेवट आरंभाच्या पोटात ठेवलाय. केवढं धाडस!" एका वकिलांनी त्यात पुनर्जन्म पाहिला. मी जोरजोरात मान हलवत होतो.

मामा उठले. "पयल्या भागात शालीचं टोक जळकं व्हतं. दुसऱ्या भागात शाल शाबूत, आन् मंग ती दिव्यावर जळली. जळायच्या आधी जळकी कशी असंल? तागा उलटा उलगडलाय तुमी."

मी फाइली उघडून पाहिल्या. दुसरी आधी लावली होती. कुठे तोंड लपवावं असं मला झालं. बाई लालबुंद झाल्या, मग त्यांना हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना. डोळे पुसत त्या मामांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिलं मत तुमचं."

परतताना रिक्षात मामा म्हणाले, "जावईबुवा, मला येऊ नका सांगायला लावलं व्हतं ना तुमाला? पिच्चर सुरू व्हायच्या आधीपासून तुमच्या तोंडावर गाठ दिसत व्हती."

मी मान खाली घातली.

"आता सांगायची गरज हाय का?"

"नाही, मामा."

"मंग सोडा ती गाठ."

तेव्हापासून मंडळात पहिलं मत मामांचंच असतं. बाई स्वतः त्यांच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवतात. मध्यंतरी मामा म्हणाले, पडद्याच्या मधोमध डाग आहे. बाईंनी पडदा घरी नेऊन धुतला, इस्त्री करून आणला. पुढच्या महिन्यात मामा म्हणाले, "डाग तसाच हाय." आम्ही पडदाच बदलला. गेल्या रविवारी त्यांनी उठून कोऱ्या पडद्याच्या काठाला लाल दोरा बांधला. डाग पडद्यावर नाही, हे त्यांना सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय.

त्याच दिवशी सांगायचं ठरवून मी रिक्षाने त्यांच्याबरोबर कोनपर्यंत गेलो. शब्द काही केल्या जुळेनात. मामांनी माझ्या शर्टाचं टोक चिमटीत धरलं, बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "आज काय गाठ न्हाय."