शेवटच्या धारेचं दूध

अकोटच्या शिक्षक कॉलनीत सकाळी आधी लुना ऐकू यायची आणि मग अकीलाबी. दोघींपैकी जास्त धूर कोण काढते, यावर कॉलनीत कधीच एकमत झालं नाही.

अकीलाबीचं वय अठ्ठावन्न. नवरा नबीभाई गेला तेव्हा मागं तीन म्हशी आणि चौदा घरांचा रतीब राहिला. लोक म्हणाले, बाईमाणूस आहेस, म्हशी विकून टाक. तिनं म्हशी ठेवल्या आणि लुना शिकली. पहिल्याच दिवशी लुनासकट नालीत गेली, पण दुधाचा एक थेंब सांडला नाही, हे ती आजही छाती पुढं काढून सांगते. गुडघा फुटला होता, ते सांगत नाही.

ती वर्षं मोठी वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि आसपासच्या खेड्यांतले लोक दावणीची जनावरं सोडून बाजारात आणत होते. त्याच बाजारातून ही बाई चौथी म्हैस हाकत घरी घेऊन आली. तिचा मुलगा साजिद कपाळाला हात लावून म्हणाला, "अम्मी, दुनिया बेच रही और तुम खरीद रही!"

"दुनियेले इचारून म्या कोनतं काम केलं?" अकीलाबी म्हणाली, आणि म्हशीपुढं सरकीची ढेप टाकली.

तर या कॉलनीत नत्थुजी गुरुजी राहत. निवृत्त हेडमास्तर. त्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, तूप, साय, लोणी, तळलेलं, सगळं बंद. आता गुरुजींनी आयुष्यभर एका पोरानं खोडी केली की आख्खा वर्ग बाकावर उभा केलेला. घरी आल्याबरोबर त्यांनी तेच केलं. स्वतःचं पथ्य सगळ्या घराला लावलं. बायकोची तुपाची बरणी शेजारी गेली. सून रुख्मिणी हिच्या भाकरीवरचं लोणी गेलं. आणि दीड वर्षाच्या नातीचं, आकांक्षाचं, दूधही साय काढलेलं झालं.

"अकीलाबी, उद्यापासून आमच्या घरी मलई काढलेलंच दूध. लहानमोठ्या सगळ्यायले," गुरुजींनी फर्मान काढलं. "चरबी म्हंजे जहर आहे जहर!"

"जहर?" अकीलाबी लुनावरून उतरलीच. "गुरुजी, वावरात मानसं मरून राहिली, ते काय मलई खाऊन? त्यायच्या घरी चहात टाकाले दूध नोतं, बाप्पा!"

"तो विषय वेगळा."

"तुमचा विषय वेगळा, हे मानते मी. तुमचं दिल दुखते, तुमी सोडा. डागदर काही वैरी नोय तुमचा. पन त्या पोरीचं काय दुखते? तिले तं आजून पुरते दात नाई आले!"

गुरुजींनी चिठ्ठी दाखवली. अकीलाबीला वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीवर नावाची ओळ एकच आहे एवढं तिला दिसलं. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही, इथंच गुरुजींनी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींच्या घरी दोन डबे येऊ लागले. मोठ्या डब्यात डेअरीच्या मशीनवर मलई काढून आणलेलं दूध. लहान डब्यात पोरीचं. दोन्ही सारखंच, असं अकीलाबी बिनदिक्कत सांगायची. लहान डब्यात असायची म्हशीची शेवटची धार. म्हैस दोहताना पहिली धार पातळ येते आणि मलई शेवटी उतरते, हे तिला नबीभाईनं शिकवलेलं. रुख्मिणीनं पहिल्याच दिवशी ते दूध तापवलं, वरची साय पाहिली, आणि सासऱ्याच्या नजरेआड पोरीला भरवली. तीन आठवड्यांत पोरीच्या गालांवर मांस दिसायला लागलं.

मग सारख्याच दुधाला दोन डबे कशाला, असा संशय येऊन गुरुजींनी दुधातलं पाणी ओळखायचा काटा आणला. काचेची ती नळी त्यांनी ओट्यावर, चार शेजाऱ्यांसमोर, आधी मोठ्या डब्यातल्या दुधात सोडली. नळी ताठ उभी राहिली.

"शाबास! अस्सल!"

मग लहान डब्यात सोडली. नळी खाली बुडत गेली. गुरुजींचा चेहरा वर्गात कॉपी सापडल्यासारखा झाला.

"पाणी!" ते ओरडले. "लेकराच्या दुधात पाणी टाकतेस, अकीलाबी? लाज नाई वाटत?"

कॉलनीच्या खिडक्या उघडल्या. बावीस वर्षांच्या रतीबात अकीलाबीला हा शब्द कोणी लावला नव्हता. काटा का बुडाला ते तिला ठाऊक होतं. मलई पाण्याहूनही हलकी, तिच्यात काटा बुडणारच. पण ते सांगायचं म्हणजे पोरीचा डबा उघडा पाडायचा, आणि उद्यापासून तो बंद. गप्प राहायचं, तर चौदा घरं जातील. दारात रुख्मिणी पोरीला कडेवर घेऊन पांढरीफटक उभी.

अकीलाबीनं पदर खोचला.

"रुख्मिणी, स्टो आन भाईर. गंज आन."

ओट्यावरच त्या पातेल्यात लहान डब्यातलं दूध तापवलं. हातपंख्यानं वारा घालून गार केलं. तासभर कोणी हललं नाही. मग अकीलाबीनं बोटानं साय उचलली. भाकरीसारखी जाड, अखंड.

"पाह्यजा. पानी टाकलेल्या दुधाले येते का हे? तुमचा काटा हुशार हाय गुरुजी, पन त्याले मलई समजत नाई. हो, मीनं तुमाले फसवलं. पोरीले मलई दिली. उद्याबी देईन. दारातून नाई घेतलं तं खिडकीतून देईन. आन डागदरले इचारा, पोरगी संग घेऊन जा!"

गुरुजींनी दरवाजा लावून घेतला. मात्र माणूस मास्तर होता, पुरावा दिसल्यावर झोप लागेना. ते आकांक्षाला घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले. डॉक्टर चिठ्ठी पाहून म्हणाले, "ही तुमची. एवढ्याशा लेकराचं दूध पातळ कोणी करायला सांगितलं?"

दुसऱ्या सकाळी गुरुजी ओट्यावर आले आणि हळूच म्हणाले, "अकीलाबी, लहान डबा चालू ठेव."

"आयकू नाई आलं."

"लहान डबा..."

"पानी म्हनताना आवाज त्या टोकापावेतो गेला होता तुमचा."

गुरुजींनी घसा साफ केला. आणि प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "अकीलाबीच्या दुधात पाणी नव्हतं! चूक माझी होती!"

खिडक्या पुन्हा उघडल्या. अकीलाबीनं लहान डबा रुख्मिणीच्या हातात दिला. गुरुजी डब्याकडं पाहत राहिले.

"थोडीशी साय, बोटभर..."

"तुमाले नाई," अकीलाबी म्हणाली आणि लुनाला किक मारली.